पगारासाठी देणगी का देऊ नये?



दिवाळीच्या सुटीनंतर शाळेचे कार्यालय उघडले, त्या दिवशी टपालात एक जाड लिफाफा होता. अमेरिकेत नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याचे पत्र त्यात होते. आपले नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, ती आम्ही पाळत आहोत. त्यांना दीड लाख रुपये द्यायचे आहेत. अट एवढीच, की ते अपस्माराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला मिळावेत आणि ती संस्था आपल्या शाळेने निवडावी.

शाळेनेच का निवडावी, हे पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे. त्यांची थोरली बहीण आपल्याच शाळेत होती. तिला फिट येत असे. इंदुरात आपण कोणी फिट म्हणतो, कोणी मिरगी, आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी फेफरे असे; आजार एकच. १९७४ साली प्रार्थनेच्या वेळी तिला दोनदा फिट आली आणि वडिलांना बोलावून सांगण्यात आले, की बाकीच्या मुली घाबरतात, हिला घरी ठेवा. आम्ही जुने स्कॉलर रजिस्टर काढून पाहिले. इयत्ता पाचवी, नाव, जन्मतारीख, आणि शाळा सोडण्याच्या कारणापुढे सुवाच्य अक्षरात लिहिले आहे : 'प्रकृती ठीक नसल्याने'. पुढे ती घरीच राहिली. भावंडांचे डबे तिने केले आणि त्यांची पुस्तके ती दुपारी वाचून काढी, असे भाऊ लिहितात. दोन वर्षांपूर्वी ती वारली. हे पैसे तिच्या स्मरणार्थ आहेत.

लिफाफा जाड होता तो दुसऱ्या कारणाने. पत्रासोबत अमेरिकेतील 'एपिलेप्सी फाउंडेशन' या राष्ट्रीय संस्थेचे हिशेब छापून पाठवले होते आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले होते : 'संस्था निवडण्यापूर्वी हे एकदा वाचावे. यांना पैसे द्या असे म्हणत नाही. प्रश्न कोणते विचारायचे ते यातून कळेल.'

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत या विषयावर बरीच चर्चा झाली, आणि सांगायला हरकत नाही, की आवाजही चढले. आपल्या शहरातील एक छोटी संस्था दरमहा अपस्माराचे मोफत शिबिर भरवते. धार, झाबुआ, खरगोन, बडवानी इकडून माणसे येतात, डॉक्टर तपासतात, महिन्याच्या गोळ्या मिळतात. त्या संस्थेने पत्र दिले, की आम्हांला औषधांसाठी पैसे नकोत, ती मिळतात. आम्हांला एक कार्यकर्ती पगारावर नेमायची आहे. दुपारी तीन तास बसून तिने शिबिराला न आलेल्या रुग्णांना फोन करायचे, का आला नाहीत विचारायचे, गोळी चालू आहे ना ते पाहायचे. महिना नऊ हजार रुपये. म्हणजे दीड लाखात सोळा महिने.

यावर एका ज्येष्ठ विश्वस्तांनी स्पष्ट सांगितले, की पुण्यस्मरणाचा पैसा पगारात जाऊ नये. औषधाला द्या, वह्या वाटा, यंत्र घेऊन द्या, पण पगार नको. दुसऱ्यांनी विचारले, या संस्थेचा प्रशासकीय खर्च किती टक्के? उत्तर आले, छत्तीस. त्यावर काही क्षण कोणीच बोलले नाही. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. दरम्यान आमच्या पत्रकमंडळाने तो अमेरिकी हिशेब आणि या विषयावरील इतर माहिती वाचली. आमचे मत पगाराच्या बाजूने झाले आहे. ते का झाले, हे येथे मांडत आहोत.

आधी आजाराविषयी चार वाक्ये, कारण पैशांचा प्रश्न त्यातूनच निघतो. अपस्मार हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतील पेशींमधला विद्युत् संदेश अचानक विस्कळीत होतो आणि माणसाला झटका येतो. भूतबाधा नाही, वेड नाही, आणि शिवल्याने होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. भारतात एक कोटीहून अधिक असावेत असे मानले जाते. योग्य निदान आणि योग्य औषध मिळाले तर यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. आणि औषध किती महाग? फिनोबार्बिटोन हे शंभर वर्षांहून जुने औषध माणशी वर्षाला ५ डॉलर इतक्या कमी खर्चातही देता येते, असे हीच संघटना सांगते.

मग अडते कोठे? अडते ते गोळी रोज, वर्षानुवर्षे, झटका येत नसतानाही घेण्यापाशी. बरे वाटले की लोक गोळी सोडतात. मुलीचे लग्न ठरत असेल तर डबीसकट लपवतात. बाबा-बुवांकडे गेले की तेथे पहिली आज्ञा असते, औषध बंद करा. कधी मजुरीसाठी कुटुंब गुजरातेत जाते आणि गोळ्या संपतात. अचानक गोळी बंद झाली की झटका परत येतो, कधी आधीपेक्षा जोराने. म्हणजे कपाटात गोळ्या असूनही काम होत नाही. फोन करणारे कोणीतरी लागते.

आता त्या अमेरिकी हिशेबाकडे येऊ. ही संस्था आपले मूळ १९६८ सालापर्यंत नेते. तिचे मुख्य कार्यालय मेरीलँड राज्यात आहे. तिची कामे पाहिली तर त्यांत गोळ्या वाटणे नाहीच. दिवसाचे चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा आहे, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. शाळांतील परिचारिका, शिक्षक, पोलीस यांना झटक्याच्या वेळी काय करावे याचे शिक्षण आहे. नोकरीवरून काढलेल्या किंवा शाळेत त्रास झालेल्या रुग्णांना वकील मिळवून देण्याचा निधी आहे. मुलांची उन्हाळी शिबिरे आहेत, संशोधनाला अनुदाने आहेत आणि झटक्यांमुळे होणाऱ्या अकस्मात मृत्यूंसंबंधी एक स्वतंत्र विभाग आहे. २००७ पासून वॉशिंग्टनमध्ये निधीसाठी सामूहिक पदयात्राही निघू लागली.

या यादीवरून नजर फिरवून सांगा, यांतले कोणते काम पगाराविना होईल? रात्री दोन वाजता एखाद्या आईचा फोन आला, की मुलाला पहिल्यांदाच झटका आला आहे, तर तो उचलायला प्रशिक्षित माणूस हवा. त्याचा पगार हाच त्या सेवेचा खर्च. तेथे 'प्रशासन' वेगळे आणि 'सेवा' वेगळी अशी रेघ ओढायची तर ती कोठून ओढणार? अमेरिकेत अशा संस्थांना दरवर्षी सरकारला एक विवरणपत्र द्यावे लागते. त्याचा क्रमांक ९९०, आणि ते कोणालाही मागून पाहता येते. त्यात प्रत्येक खर्च तीन रकान्यांत वाटायचा असतो : कार्यक्रम, व्यवस्थापन आणि निधिसंकलन. प्रमुख अधिकाऱ्यांचे पगारही नावानिशी लिहावे लागतात. (आपल्याकडे कोणी असे लिहू लागले तर शाळांच्या वार्षिक सभांना उपस्थिती नक्की वाढेल.) एकच कर्मचारी दोन रकान्यांत विभागला जाऊ शकतो. दूरध्वनी सेवेत बसणाऱ्याचा पगार कार्यक्रमाच्या रकान्यात, त्याचे वेतनपत्रक करणाऱ्याचा व्यवस्थापनाच्या.

येथे आमच्यातल्या एका चार्टर्ड अकाउंटंट पालकांनी लक्ष वेधले, ते फार उपयोगी पडले. समजा एका पत्रकावर वर 'झटका आल्यास काय करावे' हे छापले आहे आणि खाली 'कृपया देणगी द्या'. हे पत्रक लाखो घरी गेले. त्याच्या टपालाचा खर्च शिक्षणात धरायचा की देणगी मागण्यात? अमेरिकी हिशेबशास्त्रात काही अटींवर तो दोन्हींत वाटता येतो. वर्तमानपत्राने किंवा दूरदर्शन वाहिनीने फुकट जाहिरात दिली, तर तिची बाजारभावाने किंमत देणगी म्हणूनही धरता येते आणि कार्यक्रमाचा खर्च म्हणूनही. सारे नियमात. पण म्हणजे शेवटी येणारी टक्केवारी ही वाटणी कशी केली यावर बरीच अवलंबून असते. मोठ्या संस्थेला चांगले हिशेबनीस ठेवता येतात, तिची टक्केवारी देखणी दिसते. छोट्या संस्थेत एकच बाई फोनही करते, पावत्याही फाडते आणि शिबिराच्या दिवशी चहाही पाहते. तिचा सारा पगार 'आस्थापना' या एका ओळीत जातो. आपल्या शहरातील त्या संस्थेच्या छत्तीस टक्क्यांचे रहस्य हेच आहे. आम्ही ताळेबंद पाहिला. डॉक्टर फुकट येतात, औषधे देणगीत मिळतात आणि त्यांची किंमत हिशेबात धरलेलीच नाही. मग भाजक लहान राहतो, टक्केवारी फुगते. सातवीच्या मुलांनीही हे करून पाहावे.

याचा अर्थ हिशेब पाहू नये असा नाही. पाहावाच, पण आमच्या मते नजर आधी खर्चाच्या बाजूला न जाता जमेच्या बाजूला जावी. पैसा कोणाकडून येतो?

याचे उदाहरण त्याच अमेरिकी संस्थेच्या इतिहासात आहे. तिला सामान्य देणगीदारांकडून पैसे मिळतात, तेथील केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेकडून अनेक वर्षे अनुदाने मिळाली, आणि औषध कंपन्यांकडूनही मिळतात. २००७ च्या जुलैत 'वॉल स्ट्रीट जर्नल' या वृत्तपत्राने एक मोठे वृत्त दिले. त्या सुमारास अपस्मारावरील काही खपाच्या औषधांची मक्तेदारी संपत आली होती आणि तीच औषधे इतर कंपन्या स्वस्तात विकू लागणार होत्या. औषध दुकानदाराने डॉक्टरांच्या संमतीशिवाय महाग औषधाऐवजी स्वस्त औषध देऊ नये, असा कायदा राज्याराज्यांत व्हावा म्हणून या संस्थेच्या लोकांनी प्रयत्न चालवले होते. आणि महाग औषधे विकणाऱ्या कंपन्या त्या प्रयत्नांना मदत करत होत्या.

संस्थेला लबाड म्हणावे, असे आम्हांला वाटत नाही. औषध बदलल्यावर झटका परत आल्याचे अनुभव रुग्ण खरोखर सांगत होते. अपस्माराच्या काही औषधांत मात्रा थोडी कमी-जास्त झाली तरी फरक पडतो, हेही खरे आहे. पण शंका रुग्णांची होती आणि फायदा कंपन्यांचा होणार होता. अशा वेळी संस्थेच्या जमेच्या रकान्यात त्याच कंपन्यांची नावे असली, तर ती जे बोलते ते रुग्णाच्या वतीने की देणगीदाराच्या, हे बाहेरच्याने कसे ओळखायचे? प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीत हा प्रश्न कधीच दिसला नसता.

पुढची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. काही वर्षांनी हा वाद प्रयोगाने सोडवायचे ठरले. लॅमोट्रिजीन या औषधाचे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे स्वस्त प्रकार, एकमेकांपासून गुणधर्माने शक्य तितके लांब असलेले, रुग्णांना आलटून-पालटून देण्यात आले. २०१६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त निष्कर्ष छापून आला : रक्तातील मात्रेत फरक नाही. आणि या प्रयोगाला पैसे कोणी दिले? अमेरिकेच्या सरकारी औषध नियंत्रण खात्याने, तेथील अपस्मारतज्ज्ञांच्या संघटनेने, आणि याच एपिलेप्सी फाउंडेशनने. ज्या शंकेची बाजू संस्थेने घेतली होती, ती तपासायला संस्थेनेच पैसे घातले. हिशेबाच्या वह्यांत असेही वळण सापडते. आम्हांला ते कोणत्याही टक्केवारीपेक्षा मोलाचे वाटले.

हे सारे दूर अमेरिकेतले, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. आपल्या देशात पैसा कमी आहे, पण प्रश्न तेच आहेत. इंडियन एपिलेप्सी असोसिएशन ही आपली राष्ट्रीय संघटना १९७० मध्ये सुरू झाली. तिच्या कामांपैकी जे सर्वांत मोठे म्हणावे, ते कोणत्याही शिबिराच्या छायाचित्रात दिसत नाही. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा वारंवार येणारा वेडाचा किंवा अपस्माराचा झटका ही विवाहाला बाधा ठरवणारी गोष्ट म्हणून लिहिली गेली. वेड आणि अपस्मार एका ओळीत! त्या आधारावर विवाह रद्द करून घेता येत असे. वर म्हटले तसे मुली गोळ्या लपवत, त्यामागे नुसती लोकलज्जा नव्हती, कायदाही होता. संघटनेने न्यायालयात आणि सरकारदरबारी त्याचा पाठपुरावा केला, आणि १९९९ च्या विवाह कायदे दुरुस्ती अधिनियमाने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून 'अपस्मार' हा शब्द गेला. यासाठी काय लागले असेल? टंकलेखन, टपाल, दिल्लीची तिकिटे, वकिलांचा वेळ. सारा खर्च 'आस्थापना' या सदरातला. एकही गोळी त्यातून वाटली गेली नसेल. आणि तरी किती संसारांना त्याचा आधार झाला असेल!

दुसरे उदाहरण कर्नाटकातील येळंदूरचे. बंगळूरचे डॉ. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ग्रामीण भागात फिनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन ही जुनी स्वस्त औषधे देऊन रुग्णांचा काही वर्षे पाठपुरावा केला. खेड्यातही अपस्मार आटोक्यात आणता येतो, असा त्यांचा निष्कर्ष २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. वाचकांनी 'पाठपुरावा' हा शब्द पाहावा. औषधे जुनीच होती. परत परत जाऊन रुग्णाला भेटणे हे नवे होते.

सरकारचे नियम या बाबतीत काय सांगतात, तेही पाहू. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि अशा देणग्यांतून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यासही बंदी झाली. म्हणून आमच्या हिशेबतपासनीसांनी पहिला प्रश्न विचारला तो देणगीदारांच्या पारपत्राचा. ते अजून भारतीय नागरिक आहेत. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही, तेव्हा ती अडचण नाही. मात्र पैसे शाळेच्या खात्यातून फिरवू नयेत, थेट त्या संस्थेला द्यावेत, असा त्यांचा सल्ला आहे. एका न्यासाने दुसऱ्याला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच खर्च म्हणून धरण्याचा नियम २०२३ च्या अर्थ अधिनियमाने आला, आणि शाळेने उगाच त्या हिशेबात अडकू नये. हा सल्ला आम्हांला मान्य आहे. शाळेने निवड करावी, धनादेश देणगीदारांनी काढावा.

आता ज्येष्ठ विश्वस्तांच्या मुद्द्याकडे परत येतो. त्यांचा आदर आम्हांला आहे. या शाळेच्या छपरासाठी त्यांनी दारोदार हिंडून पैसे जमवले, ते आमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. देणगीतून काहीतरी उभे राहावे, त्यावर नाव कोरता यावे, ही इच्छा नैसर्गिक आहे. पण यंत्र घेऊन दिले तर ते चालवायला माणूस लागेल, आणि त्याच्या पगाराला देणगीदार मिळणार नाही म्हणून ते झाकून ठेवले जाईल. आपल्याच प्रयोगशाळेच्या कपाटात काय काय झाकून ठेवले आहे, याची यादी आम्ही येथे देत नाही.

पगाराविरुद्ध एक खरा मुद्दा आहे आणि तो टाळू नये : सोळा महिन्यांनंतर काय? पैसे संपले की फोन बंद, आणि ज्यांना फोनची सवय झाली ते रुग्ण परत एकटे. औषधांच्या देणगीत ही भीती कमी असते, कारण आज दिलेली गोळी आज पोटात जाते. यावर आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. आम्ही त्या संस्थेला विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले, की पहिल्या सहा महिन्यांत शिबिराला परत येणाऱ्यांची नोंद ते ठेवतील आणि ती दाखवून इतरांकडे मागतील. हे पुरेसे आहे असे नाही, पण प्रामाणिक आहे. त्यांच्या जमेच्या बाजूला आम्हांला तीन वर्षांत एका औषध कंपनीची एक देणगी दिसली, शिबिराच्या मंडपाची. तीही विचारली. कंपनीचा फलक लावला होता, पण डॉक्टर लिहून देतात ती औषधे सरकारी पुरवठ्यातली आणि जनऔषधीतली आहेत. चिठ्ठ्यांच्या प्रती आम्ही पाहिल्या.

म्हणून आमची शिफारस अशी : दीड लाख त्या कार्यकर्तीच्या पगारालाच जावेत, दरमहा नऊ हजारांच्या हप्त्याने, आणि दर तीन महिन्यांनी किती फोन झाले व किती रुग्ण परत आले याचा एक पानी अहवाल या पत्रकात छापावा. मोठ्या राष्ट्रीय संघटनेला ही रक्कम द्यावी, असाही एक विचार पुढे आला होता. कायद्याची कामे अजून बाकी आहेत हे खरे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांच्या यादीत अपस्मार नाही, आणि असे प्रश्न राष्ट्रीय संघटनाच लढवू शकते. तिला आपण सभासद म्हणून वर्गणी द्यावी. पण ज्या पैशांवर एका मुलीचे नाव आहे, ते जेथे आपण जाऊन पाहू शकतो तेथे असावेत, असे आम्हांला वाटते.

आणि काही गोष्टींना तर पैसाच लागत नाही. गेल्या जुलैत प्रार्थनेच्या वेळी आपल्या एका विद्यार्थिनीला झटका आला. पालकांच्या अनुमतीने लिहीत आहोत. कोणी चप्पल आणली, कोणी डब्यातला कांदा, कोणी हातात किल्ल्या कोंबल्या, दोघांनी हात-पाय दाबून धरले. खेळाच्या सरांना माहीत होते म्हणून त्यांनी सगळ्यांना बाजूला केले, तिला कुशीवर वळवले, डोक्याखाली दप्तर ठेवले आणि घड्याळाकडे पाहत बसले. दोन मिनिटांत झटका थांबला. मित्रांनो, एवढेच करायचे असते. तोंडात चमचा, रुमाल, बोट काही घालायचे नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजायचे नाही. पाच मिनिटांहून अधिक वेळ झटका चालला, किंवा एकामागून एक येऊ लागला, तर १०८ वर फोन करायचा. शुद्धीवर आल्यावर गर्दी करायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी नेहमीप्रमाणे बसायचे.

अमेरिकेत केंटकी राज्याने २०१८ मध्ये कायदाच केला, की शाळेतील कर्मचाऱ्यांना याचे शिक्षण हवे आणि अशा प्रत्येक विद्यार्थ्याविषयी काय करायचे याचा लेखी आराखडा शाळेत हवा. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी तसे केले. त्यामागे याच फाउंडेशनचा पाठपुरावा होता. आपल्याकडे कायदा होईपर्यंत थांबायचे कारण नाही. एका कागदावर औषधाचे नाव, डॉक्टरांचा आणि घरचा फोन, झटका साधारण किती वेळ चालतो आणि नंतर मूल कसे असते, एवढे लिहून पालकांनी वर्गशिक्षकांकडे द्यावे. तो कागद स्टाफरूमच्या फलकावर लावायचा नाही, वर्गशिक्षक आणि खेळाचे शिक्षक यांच्यापाशीच ठेवायचा. १७ नोव्हेंबरला देशात राष्ट्रीय अपस्मार दिन पाळतात; त्या दिवशी सर्व शिक्षक, शिपाईमामा आणि बसचालक यांना खेळाच्या सरांनी अर्धा तास हे करून दाखवावे, असे आम्ही मुख्याध्यापिका बाईंना सुचवले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे.

विश्वस्त मंडळाची बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या सभागृहात आहे. या विषयापुरती ती पालकांसाठी खुली ठेवावी, अशी विनंती आम्ही केली आहे. त्या संस्थेचे तीन वर्षांचे ताळेबंद आणि माजी विद्यार्थ्यांनी पाठवलेला अमेरिकी हिशेब कार्यालयात ठेवला आहे. ज्यांना वाचायचा असेल त्यांनी दुपारी दोन ते चार या वेळात यावे. १९७४ चे स्कॉलर रजिस्टरही तेथेच आहे.